'व्हीगन' म्हणजे 'शुद्ध शाकाहारी' का?

एका वाचकभगिनीने विचारलं आहे: "बहिणीच्या मुलीचा साखरपुडा आहे. ती आणि तिच्या चार मैत्रिणी व्हीगन आहेत. त्यांच्या टेबलावर ठेवायची पाटी मराठीतच हवी, असा माझा हट्ट आहे. तिथे 'शुद्ध शाकाहारी' लिहिलं तर चालेल का? 'निर्दुग्धाहारी' असाही शब्द कुठेतरी वाचला. आई म्हणते, आपण सगळे शाकाहारीच आहोत, मग वेगळी पाटी कशाला? नेमका शब्द कोणता आणि फरक नक्की काय?"

आधी उत्तर, मग पाल्हाळ. 'शुद्ध शाकाहारी' मुळीच लिहू नका. जेवढे पर्याय सुचतील, त्यांत हा सगळ्यात उलटा आहे.

'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी असलेल्या कुठल्याही खाणावळीत जाऊन बसा. वरणभातावर तुपाची धार येते, वाटीत दही किंवा ताक येतं, पंजाबी भाजीत पनीर असतं आणि सणावारी श्रीखंड नाहीतर बासुंदी. व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच, अगदी दूध-मधसुद्धा, न खाणारा. त्याने त्या ताटाकडे पाहिलं तर चटणी, कोशिंबीर (दही न घातलेली), आमटी आणि बिनतुपाची पोळी एवढंच त्याच्या वाट्याला उरेल. 'शुद्ध' या शब्दाला आपल्याकडे तुपाचं वावडं तर नाहीच, उलट 'शुद्ध तूप' ही त्याची आवडती जोडी आहे. खाणावळीच्या पाटीवरचा 'शुद्ध' सांगतो ते इतकंच, की या भटारखान्यात मटण-मच्छी आणि अंडं शिरत नाही, इथली कढई आणि पळी बाटलेली नाही. म्हणजे ही शुद्धता जेवणाराची आणि चुलीची. गाईम्हशीचं काय होतं, हा प्रश्न त्या पाटीला पडतच नाही. शिवाय त्या 'शुद्ध'ला जातीचा वास आहे, तो आहे तसा मान्य करावा. भाड्याने घर शोधताना ज्यांना 'तुम्ही खाता का?' असं विचारलं गेलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या 'तुम्ही खाता का?'कडेच जरा बघू, कारण मराठीचं सगळं मर्म तिथे आहे. खाणं हे सकर्मक क्रियापद. काहीतरी खावं लागतं. पण कर्म गाळून 'ते खातात', 'ते खात नाहीत' असं म्हटलं, की मराठी माणूस बिनचूक ओळखतो की विषय मांसाचा आहे. आता व्हीगन माणसासाठी हे वाक्य करून बघा. 'ती खात नाही' म्हटलं तर कुणीही तिला पेढा देईल. तिच्यासाठी कर्मांची यादीच वाचावी लागते: दूध, दही, लोणी, तूप, पनीर, मध.

क्रियापदंही वेगळी लागतात. शाकाहारी माणूस बहुधा 'असतो', जन्माने, घराण्याने. मांस खाणारा ते 'सोडतो', माळ घालतो आणि मग गावात 'माळकरी आहे' एवढं म्हटलं की त्याच्या ताटाबद्दल आणखी बोलावं लागत नाही. कुणी सोमवार-गुरुवार 'पाळतो', कुणी श्रावण 'पाळतो'. पारंपरिक शाकाहारी घरातल्या मुलाने चिकन खाल्लं तर तो 'बाटतो'. असणं, सोडणं, पाळणं, बाटणं ही सगळी आचाराची, व्रताची आणि विटाळाची भाषा आहे. व्हीगन मात्र माणूस 'होतो', आणि चुकून तुपातला लाडू पोटात गेला म्हणून 'ती बाटली' असं कुणी म्हणत नाही. तो शब्द तिथे लागूच पडत नाही, कारण तिचा नियम तिच्या पावित्र्यासाठी नाही. तो गाईसाठी आहे.

कोशाकडे धाव घेणारे इथे म्हणतील, की शाक म्हणजे भाजीपाला, त्याचा आहार तो शाकाहार, मग दूध त्यात आलंच कसं? खरा शाकाहारी व्हीगनच! तर्क बिनतोड आहे आणि निरुपयोगीही. शब्दाचा अर्थ व्यवहार ठरवतो. नाहीतर 'आमिष' बघा: संस्कृतात मांस, म्हणून 'सामिष' आणि 'निरामिष'. पण मराठीत नुसतं 'आमिष' म्हटलं की लालूच. पैशाचं आमिष दाखवणाऱ्याच्या हातात मटणाची फोड कुणी शोधत नाही. तसंच मराठीत शाकाहारी म्हणजे मांस, मासे आणि अंडं न खाणारा, दूधदुभतं गृहीत. इंग्लंड-अमेरिकेतल्या व्हेजिटेरियनला अंडं सहसा चालतं, त्यामुळे तो शब्दही आपल्या शाकाहाऱ्याशी पुरता जुळत नाही. (आणि आपल्याकडे 'शाकाहारी अंडी' म्हणून न फळलेली अंडी विकायचीही हौस आहे, ती वेगळीच गंमत.)

'व्हीगन' हा शब्द मात्र जन्मापासूनच भांडणातून आला आहे. इंग्लंडमधली व्हेजिटेरियन सोसायटी १८४७ची. तिच्यातल्या दूध-अंडी वर्ज्य करणाऱ्या मंडळींनी संस्थेच्या मासिकात आपल्याला थोडी जागा मागितली, ती मिळाली नाही. मग नोव्हेंबर १९४४मध्ये डोनाल्ड वॉटसन या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकाने आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी वेगळी चूल मांडली. 'व्हेजिटेरियन'ची इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं उचलून त्यांनी नवं नाव घडवलं. 'डेअरीबॅन' हाही एक पर्याय तेव्हा पुढे आला होता; तो टिकला असता तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. पुढे त्यांच्या व्याख्येत अन्नाबरोबर कपडे आणि इतर वापरही आला. शक्य असेल तितका, कुठल्याही कारणासाठी प्राण्यांचा वापर टाळणं, असा तिचा आशय. म्हणून व्हीगन माणूस कोल्हापुरी चप्पल घालत नाही, रेशमी पैठणी नेसत नाही. आपला माळकरी कीर्तनाला उभा राहतो तेव्हा शेजारच्या पखवाजाची पुडी चामड्याची असते, पण ते कुणाच्या व्रताच्या आड येत नाही.

आता तुमच्या आईंचा प्रश्न. त्यांच्या मनात बहुधा हेच असणार, की "दुधासाठी कुठे कुणाला मारतात?" नैतिक फरकाची रेघ बरोबर याच वाक्यावर पडते. शाकाहाराची जुनी भूमिका अशी, की जीव घ्यायचा नाही. गाय दूध देते, आपण तिला चारा-पेंड घालतो, पोळ्याला बैलांना पुरणपोळी देतो. हे देणंघेणं आहे, हिंसा नाही. व्हीगन म्हणतात, ती 'देते' हे क्रियापद तुम्ही तिच्या तोंडी घातलंत.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण खरवस. गाय-म्हैस व्याली की पहिले काही दिवस जे घट्ट पिवळसर दूध येतं तो चीक. वासराला जन्मल्यावर रोगाशी लढायची ताकद त्या चिकातूनच मिळते. आपण गूळ, वेलची, जायफळ घालून तो वाफवतो आणि वड्या पाडतो. शहाणा गवळी आधी वासराला भरपूर पाजतो आणि उरलेला चीक विकतो, हेही खरं. पण मागणी असली की 'उरलेला' किती, हे गिऱ्हाईक ठरवतं. पुढचा मुद्दा रेडकाचा. गाभण राहिल्याशिवाय दूध नाही, आणि व्यायली की निम्म्या वेळी नर होतो. बैलाला शेतात पूर्वी काम होतं, ट्रॅक्टरने तेही कमी केलं. म्हशीच्या नर रेडकाला तर दुधाच्या धंद्यात जागाच नाही. भाकड जनावराचीही तीच गत. महाराष्ट्रात २०१५पासून गाईबरोबर बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशी-रेड्यांना नाही. व्हीगन मंडळींचं म्हणणं असं, की दूध आणि मांस हे दोन धंदे नाहीत, एकाच धंद्याची दोन दारं आहेत. या युक्तिवादाला शाकाहाऱ्यांकडून मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. "आमच्याकडे घरची गाय होती" हे उत्तर मिळतं, पण पिशवीतल्या दुधाला ते लागू पडत नाही.

शाकाहाऱ्याच्या बाजूनेही बोलायला हवं. सगळंच टाळणं कुणालाच जमत नाही, हे व्हीगनांची व्याख्याच 'शक्य असेल तितका' म्हणून कबूल करते. आणि ज्याच्या घरची चूल दोन म्हशींच्या दुधावर पेटते, त्या शेतकऱ्याला शहरातून शिकवायला जाणं शोभत नाही.

ही ओढाताण एकाच माणसात पाहायची असेल तर गांधीजींकडे पाहावं. कलकत्त्यात दूध जास्त निघावं म्हणून गाईंवर 'फुका' नावाचा क्रूर प्रकार करत. त्याबद्दल वाचल्यावर १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. 'व्हीगन' शब्दाच्या जन्माला तेव्हा बत्तीस वर्षं अवकाश होता. १९१८मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या धामधुमीनंतर ते अंथरुणाला खिळले, प्रकृती काही सुधारेना. मुंबईचे डॉक्टर दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय अंग धरणार नाही. कस्तुरबांनी पळवाट काढली: व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचं घ्या. त्यांनी ते घेतलं, आणि आत्मकथेत लिहून ठेवलं की व्रताचा शब्द तेवढा राहिला, आत्मा गेला. १९३१मध्ये लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीपुढे बोलताना त्यांनी बजावलं, की केवळ प्रकृतीसाठी शाकाहार करणारे टिकत नाहीत, त्याला नैतिक पाया हवा. या एका वाक्यावर मात्र शाकाहारी आणि व्हीगन दोघांनाही मान डोलावता येईल. समान भूमी म्हणतात ती हीच: जिभेला काय आवडतं यापेक्षा दुसऱ्या जिवाला काय सोसावं लागतं, हे आधी. भांडण आहे ते 'सोसणं' कुठून सुरू होतं, याचं.

रेघा सरळ नाहीत, हे जैन ताटावरून कळतं. कांदा, लसूण, बटाटा व्हीगनला चालतो, पारंपरिक जैनाला नाही. दूध-तूप जैनाला चालतं, व्हीगनला नाही. आणि मध? तिथे दोघे एकत्र येतात, जैन परंपरेत मध मद्य-मांसाच्याच पंगतीला बसवून वर्ज्य केला आहे. उलट आपल्या सत्यनारायणाच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर. पाचांतली चार व्हीगनला वर्ज्य. तुमच्या साखरपुड्यात गुरुजी पंचामृत हातावर घालतील तेव्हा भाचीची पंचाईत होणार आहे, हे आधीच ध्यानात ठेवा.

कायद्यानेही हा फरक मानला आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाला आणि मधाला सूट देऊन दिलेला असतो, म्हणून पेढ्याच्या खोक्यावर तो दिसतो. व्हीगन पदार्थांसाठी २०२२मध्ये वेगळे नियम आणि वेगळी खूण आली, आणि त्यांत प्राण्यांवर चाचणी केलेली नसावी ही अटही आहे. हिरवा ठिपका घटकांपाशी थांबतो.

आता राहिले प्रतिशब्द. 'निर्दुग्धाहारी' उच्चारतानाच दमछाक होते, आणि त्यात मध, अंडं, चामडं बाहेरच राहतं. 'वनस्पत्याहारी' अर्थाने जवळचा, पण वर्गात शेळीबद्दल वापरावा असा वाटतो आणि चप्पल-पैठणीचा मुद्दा त्यातही नाही. 'पूर्ण शाकाहारी' ऐकून शाकाहाऱ्याला वाटतं आपण अपुरे, म्हणजे पाटी वाचताच वाद. मालवणी-गोव्याकडचं 'शिवराक' सुंदर आहे, पण तेही शाकाहारीच, दुधासकट. मराठीने 'व्हेज' आणि 'नॉनव्हेज' केव्हाच घरात घेतले आहेत, 'व्हीगन'लाही घेऊ द्या. लिहिताना 'व्हीगन'च लिहा. 'व्हेगन' हे 'व्हेज'च्या वजनावर पडलेलं रूप आहे, मूळ उच्चारात 'वी' दीर्घ आहे. विशेषण म्हणून तो जसाच्या तसा राहतो: व्हीगन मुलगी, व्हीगन जेवण. 'व्हीगनपणा' टाळा, त्यात नाक मुरडल्याचा सूर येतो.

पाटीवर मोठ्या अक्षरात 'व्हीगन' आणि खाली बारीक अक्षरात 'दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध नाही' असं लिहा. आचाऱ्याला मात्र 'व्हीगन' सांगू नका, त्याला खालची यादीच सांगा, आणि 'पोळ्यांना तेल लावा' हे दोनदा. पदार्थांची काळजी नको: भाकरी, झुणका, ठेचा, भरली वांगी, मटकीची उसळ, अळूचं फदफदं, नारळाच्या दुधाची सोलकढी, यांतलं सगळं नाव न घेता व्हीगनच आहे. गोडाला नारळाच्या दुधातली तांदळाची खीर करा, गूळ घालून. ती तुमच्या आईंनाही चालेल.