वाचकांचे प्रश्न : किशोरांच्या प्रेमकथा बदलल्या आहेत का?

प्रश्न : गणपतीच्या सुट्टीत मुंबईहून आलेल्या मावसबहिणीने दिलेल्या इंग्रजी प्रेमकथांत माझी सोळा वर्षांची मुलगी बुडून गेली आहे. या कथा पूर्वीपेक्षा वेगळ्या आहेत का?
– एक आई, देवगड

उत्तर : होय, आणि हा बदल मला मोलाचा वाटतो. २००५ सालच्या स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ या कादंबरीत व्हॅम्पायर (रक्त पिणारे पिशाच) असलेला नायक रात्री नायिकेच्या खोलीत शिरून तिला झोपलेली न्याहाळतो आणि कादंबरी त्याला उत्कट प्रेम मानते, आज मात्र अनेक तरुण वाचक त्याला स्पष्टपणे पाळत म्हणतात. २०१२ मध्ये जॉन ग्रीन यांच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’मध्ये अद्भुत नायकाऐवजी कर्करोगाशी झुंजणारी मुले आली, तर ॲलिस ओस्मन यांच्या ‘हार्टस्टॉपर’ या चित्रकथेत दोन मुलग्यांचे प्रेम संकोचासकट, फार हळुवारपणे उलगडते.

काळजी एकाच गोष्टीची घ्यावी. सध्या लोकप्रिय असलेल्या अद्भुतरम्य प्रेमकथांपैकी बऱ्याच प्रौढांसाठी लिहिलेल्या असतात, पण मुखपृष्ठावरून ते कळत नाही. म्हणून पुस्तक हिसकावून न घेता तिने वाचून झाल्यावर ते आपणही वाचावे आणि त्यातला मुलगा तिला का आवडला, हे तिलाच विचारावे.