फीचं लोन निघतंय हो, खोलीचं भाडं कुठून आणायचं?

प्रश्न: आम्ही मूळचे सोलापूरचे, आता बरीच वर्षं लेस्टरला आहोत. लेक ईयर थर्टीनला आहे, म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष, युकासच्या म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या सामायिक अर्जाच्या पाची जागा भरल्यात, ब्रिस्टल आणि शेफील्डची ऑफर आलीय. फीला लोन मिळतं म्हणून आम्ही निवांत होतो, आता कळतंय की राहण्याखाण्याचं लोन आमच्या दोघांच्या पगारामुळं तिला अगदीच कमी बसणार. सासूबाई म्हणतात जुळे सोलापूरचा प्लॉट विका आणि पोरीची फी एकदाच भरून मोकळे व्हा. लेकीला यातलं काहीच बोललो नाही, परीक्षा तोंडावर आहे, तिच्या डोक्याला ताप नको. काय करावं?

उत्तर: ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण खरा गुंता तिथंच आहे. लेकीला सांगून टाका. या आठवड्यातच, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, दोघांनी बसून, आकड्यासकट. आपल्याकडं "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो" म्हणणं म्हणजे माया, आणि सोलापुरातनं पुण्याला पोरगं पाठवताना ते चालून पण जातं, कॉट बेसिसवर खोली असते, महिन्याची मेस असते, हुतात्मा एक्सप्रेसनं कोण जाणारं असलं की त्याच्याबरोबर घरचा डबा जातो, कमी पडलं तर बाप गुपचूप पैसे टाकतो, पोराला काही कळत नाही आणि कळायची गरजही पडत नाही. इंग्लंडात मात्र फर्म म्हणजे पहिली पसंती कुठली ठेवायची आणि इन्शुरन्स म्हणजे मार्क कमी पडले तर राखीव कुठली हे तुमची लेक स्वतः ठरवणार, आणि ब्रिस्टलच्या खोलीभाड्यात आणि शेफील्डच्या खोलीभाड्यात चांगलाच फरक आहे. घरातनं महिन्याला किती येणार हेच तिला माहीत नसेल तर ती बिचारी फोटो आणि मैत्रिणी बघून ठरवेल, आणि मग सप्टेंबरात तुमचा बीपी वाढेल. अभ्यासातलं लक्ष उडेल म्हणता, पण घरात आईबाबा कुजबुजतायत, आजीचा फोन आला की दार लावून बोलतायत, हे अठरा वर्षाच्या पोरीला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?

आता आकडे. मी २०२५-२६ चे धरतो, पुढच्या वर्षी थोडे वर सरकतात, आणि हे सगळं इंग्लंडचं, स्कॉटलंड-वेल्सवाल्यांचं गणित वेगळं. फी वर्षाला ९,५३५ पौंड, तिचं लोन घरच्या उत्पन्नावर अवलंबून नसतं आणि ते थेट युनिव्हर्सिटीला जातं, तुमच्या हातात येत पण नाही, म्हणून तिथं कुणाचं अडत नाही. अडतं ते राहण्याखाण्याच्या, म्हणजे मेंटेनन्स लोनवर. घराबाहेर राहून लंडन सोडून दुसरीकडं शिकणाऱ्याला जास्तीत जास्त १०,५४४ पौंड, लंडनमध्ये १३,७६२, आईबापाच्या घरी राहून शिकलं तर ८,८७७. पण पूर्ण रक्कम कुणाला, तर ज्यांच्या घरचं उत्पन्न २५,००० पौंडांच्या आत आहे त्यांना. ही २५ हजाराची रेघ २००८ पासून तिथंच आहे, पगार वाढले, भाडी वाढली, रेघ काही हलली नाही. त्यामुळं नवराबायको दोघं साध्या नोकऱ्या करत असले तरी बेरीज ६२ हजारांच्या पुढं जाते आणि मग पोराला सगळ्यात कमीचं लोन मिळतं, बाहेर राहणाऱ्याला ४,९०० च्या आसपास. १०,५४४ आणि ४,९०० मधला जो साडेपाच हजाराचा खड्डा आहे तो आईबापानं भरायचा असं सरकारनं मनातल्या मनात धरलेलं असतं, त्याचं बिल मात्र कुणी पाठवत नाही. दर वर्षी मला येणाऱ्या पत्रांत हाच एक धक्का असतो, फक्त गावं बदलतात, कधी रेडिंग, कधी मिल्टन कीन्स.

आणि खरं सांगायचं तर पूर्ण लोन मिळालं तरी पुरतं असं नाही. समजा हॉलची, म्हणजे तिथल्या होस्टेलची, खोली आठवड्याला १७० पौंड आणि करार ४४ आठवड्यांचा, झाले ७,४८०. म्हणजे तुमच्या लेकीचं लोन नुसत्या भाड्यालाच अडीच हजार पौंड कमी पडतं, अजून दूध-ब्रेड आलं नाही त्यात. म्हणून हॉल निवडताना आठवड्याचा दर एकटा बघू नका, किती आठवड्यांचा करार आहे ते बघा, कुठं ४० असतात, कुठं ५१, आणि स्वस्त दिसणारी खोली ५१ आठवड्यांनी महाग पडते. स्वतःचं बाथरूम पाहिजे का चौघीत एक चालेल हा प्रश्न पण पैशाचाच आहे, आणि तो लेकीला विचारा, तुम्ही परस्पर "आमच्या पोरीला नाही जमणार" म्हणू नका, जमतं त्यांना.

लोनचा फॉर्म भरताना दोनतीन गोष्टी लोक विसरतात. उत्पन्न धरतात ते साधारण दोन वर्षांमागच्या टॅक्स वर्षाचं, त्यामुळं मध्यंतरी कुणाची नोकरी गेली असेल आणि चालू उत्पन्न १५ टक्के किंवा जास्त घटलं असेल तर चालू वर्षाचं धरा म्हणून वेगळं मागता येतं. धाकटं लेकरू तुमच्यावर अवलंबून असेल तर त्याचे १,१३० पौंड उत्पन्नातनं वजा होतात, पेन्शनमध्ये तुम्ही स्वतः भरलेली रक्कम पण वजा होते, ती लिहायची राहू देऊ नका. आणि घरच्या उत्पन्नाची माहिती युनिव्हर्सिटीला द्यायला हरकत नाही अशी जी संमती विचारतात तिथं हो म्हणा, आपली माणसं तिथं उगाच लाजतात, पण बऱ्याच युनिव्हर्सिट्यांची बर्सरी, म्हणजे परत न करायची मदत, त्या माहितीवरच ठरते. अर्ज आत्ताच करा, प्रवेश पक्का व्हायची वाट बघू नका, ऑगस्टमध्ये निकालानंतर कॉलेज बदललं तर अर्जात बदल करता येतो, पण अर्जच उशिरा गेला तर पहिला हप्ता पण उशिरा.

इथंच दुसऱ्या वाचकांसाठी एक सांगून ठेवतो, तुम्हाला बहुतेक लागू नाही. जे वर्क व्हिसावर आहेत आणि अजून आयएलआर, म्हणजे तिथं कायम राहायची परवानगी, मिळालेला नाही त्यांच्या पोरांना नुसतं शाळा तिकडं केली म्हणून होम फी (तिथल्या रहिवाशांची कमी फी) आणि लोन मिळत नाही. साधारण नियम असा की कोर्सच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे शरदात सुरू होणाऱ्या कोर्सला १ सप्टेंबरला, सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम वास्तव्याचा दर्जा, हातात पाहिजे आणि त्याआधीची तीन वर्षं तिथंच राहणं पाहिजे. आयएलआर ऑक्टोबरात येणार असेल तर एक वर्ष गॅप घेणं शहाणपणाचं ठरू शकतं, कारण परदेशी विद्यार्थ्याची फी कैक पटीनं जास्त असते. बरीच वर्षं तिथं काढलेल्या पोरांसाठी दीर्घ वास्तव्याचा वेगळा नियम पण आहे, तो युनिव्हर्सिटीलाच लेखी विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

आता लोनची भीती. कर्ज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पतसंस्थेचा वसुलीवाला आणि जामीनदार म्हणून सही केलेला मामा येतो. हे लोन त्या जातीचं नाही. तुमच्या लेकीला लागेल तो प्लॅन फाइव्ह, त्यात पगार वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेला तर वरच्या रकमेच्या ९ टक्के कापतात. पगार ३१,००० असेल तर वरच्या सहा हजाराचे ९ टक्के म्हणजे वर्षाला ५४०, महिन्याला ४५ पौंड. नोकरी गेली की कपात बंद. ४० वर्षांनी जे उरेल ते माफ. व्याज लागतं, ते महागाईच्या दराएवढं. त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे, हाताशी पैसे असतील तर ते फीवर ओतू नका, तो साडेपाच हजाराचा खड्डा भरायला ठेवा. फी भरून मोकळे झालात आणि पोरगी भाड्यासाठी आठवड्याला पंचवीस तास कॉफीच्या दुकानात उभी राहिली तर काय मिळवलं? आठदहा तासाचं काम चांगलं, करू दे, माणसं कळतात. त्याच्या वर गेलं की पहिला फटका सकाळच्या लेक्चरला बसतो.

पैसे किती यापेक्षा कधी येतात हे पोरांना जड जातं. लोन तीन हप्त्यांत येतं, प्रत्येक टर्मच्या सुरुवातीला, आणि पहिला हप्ता कॉलेजात नाव नोंदवल्यावर, म्हणजे पहिले काही दिवस तिच्याकडं घरचेच पैसे पाहिजेत. मग एकदम दीड हजार पौंडांच्या वर खात्यात दिसतात, आयुष्यात पहिल्यांदा, आणि नेमका तेव्हाच फ्रेशर्स वीक, नव्या पोरांचा मौजमजेचा आठवडा. त्यामुळं तुमचे पैसे एकरकमी देऊ नका, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला स्टँडिंग ऑर्डर लावा, आठवड्याला दिलेत तर अजून बरं. आणि त्याची तालीम आत्तापासून सप्टेंबरपर्यंत घरीच करा. तिचा फोन, बस, बाहेरचं खाणं, कपडे, मैत्रिणींचे वाढदिवस, सगळं धरून एक रक्कम तिच्या खात्यात टाका आणि मध्ये पडू नका. वीस तारखेला संपले तर संपू दे. घरात जेवण आहे, उपाशी मरत नाही, आणि हा अनुभव ब्रिस्टलमध्ये घेण्यापेक्षा लेस्टरमध्ये घेतलेला स्वस्त. आजोबांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर वीस तारखेला ते हळूच पन्नास पौंड देतील आणि सगळी तालीम पाण्यात.

स्वयंपाक येतो का तिला? वरण-भात, एक उसळ, एक पालेभाजी, पोह्याचा एक प्रकार, बास. रोज बाहेरनं मागवलं तर कुठलाच हिशेब टिकत नाही. सोलापूरकरांना एक फायदा आहे, आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी महिनोन्महिने टिकते, सासूबाई येताना आणतीलच, दही किंवा दुधात भाकरी चुरली की रात्रीचं भागतं. तूप, पेढे, खवा असलं दुधाचं काही मात्र भारतातनं बॅगेत आणू देऊ नका, तिकडं परवानगी नाही, विमानतळावर काढून घेतात. आणि हॉलच्या किचनमध्ये फोडणी द्यायची तर दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू, नाहीतर अलार्म वाजून अख्खी बिल्डिंग खाली उभी राहते आणि तुमची लेक मोहरीवाली म्हणून तीन वर्षं प्रसिद्ध होते. चादरी देणार असालच, चाटी गल्लीतनं दोन घ्या, पण थंडीसाठी जाड पांघरूण तिथंच घ्या, बॅगेचं वजन वाचेल.

दुसऱ्या वर्षीचं घर हा विषय तुम्हाला अजून लांबचा वाटत असेल, पण पोरं पहिल्या टर्ममध्येच, एकमेकींना जेमतेम ओळखत असताना, घरं बघायला लागतात. तिथं एकच गोष्ट नीट वाचा. तुम्हाला गॅरंटर म्हणजे जामीनदार म्हणून सही मागतील, ती फक्त आपल्या लेकीच्या भाड्यापुरती आहे का सगळ्या घराच्या, कारण एकत्र करार असला तर एक पोरगी मधेच सोडून गेली की तिचं भाडं बाकीच्यांच्या गळ्यात येऊ शकतं. डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते डिपॉझिट सुरक्षा योजनेत ठेवलं का ते विचारा. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, नसतो, लाईट-गॅस मात्र हॉलमध्ये भाड्यात धरलेलं असतं तसं घरात बहुतेक नसतं.

लेस्टरमध्येच दोन युनिव्हर्सिट्या आहेत, घरी राहूनच शिक म्हणावं का, हे तुम्ही विचारलं नाही पण मनात असणार. आकडे मांडताना हा पर्याय पण कागदावर लिहा, लोन कमी होतं पण भाडं शून्य. लिहा आणि तिला बघू द्या, ढकलू नका.

राहिला प्लॉट. सासूबाईंचं मन मोठं आहे, आधी त्यांना तेवढं बोलून दाखवा. पण तो नक्की कुणाच्या नावावर आहे? तुमच्या मिस्टरांच्या नावावर असेल तर एनआरआय म्हणून विकताना घेणाऱ्याला टीडीएस कापून भरावा लागतो, आणि कमी कपातीचं सर्टिफिकेट आधी काढलं नाही तर तो नफ्यावर न कापता अख्ख्या किमतीवर कापतात, मग रिटर्न भरून परत मिळवा. पैसे एनआरओ खात्यात, म्हणजे एनआरआयच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यात, येतात, तिथनं बाहेर न्यायला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा, ती तुम्हाला आड येणार नाही, पण सीएचा दाखला आणि फॉर्म लागतातच. सासूबाईंच्या नावावर असेल तर त्या स्वतःच्या खात्यातनं वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात, वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गेलं की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते, तो त्यांच्या रिटर्नमध्ये वळता होतो. आणि सामायिक असेल, दिराची सही लागणार असेल, तर लेकीची डिग्री आधी होईल आणि खरेदीखत नंतर. भाड्याच्या खड्ड्यासाठी जमीन विकू नये असं मला वाटतं, सासूबाईंची एफडी तर मोडूच नका, त्यांच्या दवाखान्याला ती लागेल. त्यांना काही द्यायचंच असेल तर लॅपटॉप घेऊन द्या म्हणावं. आणि प्रॉपर्टी कार्डावर नावं बरोबर लागलीत का, महापालिकेचा टॅक्स थकलाय का, हे येत्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला याल तेव्हा बघून घ्या, विका नाहीतर नका विकू.