बंद पडलेलं पॉवर हाऊस आतून पाहता येते का?

तुम्ही विचारलं की विदर्भातलं बंद पडलेलं जुनं पॉवर हाऊस आतून पाहता येते का आणि त्यात पाहण्यासारखं काय असते. येते पाहता. पण भुताचा बंगला समजून रील बनवायला जाऊन राहिले असाल तर नका जाऊ बॉ. माझ्या बाबांनी अशाच एका पॉवर हाऊसात टरबाईनवर, म्हणजे वाफेनं फिरून जनरेटर चालवणाऱ्या यंत्रावर, 31 वर्षं काढली. गावाचं नाव सांगत नाही, उद्या पन्नास पोट्टे भिंत चढतील.

इतिहास म्हणाल तर 1960 मध्ये वीज मंडळ झालं, 1961 ला पारसचा 30 मेगावॅटचा संच आला, 1974 पासून कोराडीचे 120 चे. आता कोराडीतला नवा एकेक संच 660 चा आहे. जुने छोटे संच तेवढ्याच विजेला कोळसा जास्त खायचे, म्हणून बंद होत गेले.

मी बाबांना घेऊन गेलतो, त्यांच्या जुन्या साहेबाकडून परवानगी काढून. बॉयलरकडं त्यांनी पाह्यलंही नाही, सरळ जिना चढून टरबाईन फ्लोअरवर. काचा फुटलेल्या, पारव्यांची घाण, अन् भिंतीजवळ कमरेएवढा एक लोखंडी दांडा, धरायच्या जागी घासून गुळगुळीत झालेला. बाबांनी त्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ बोललेच नाहीत.

त्या दांड्याची गोष्ट अशी की चालू टरबाईन मिनिटाला 3000 फेरे मारते, तेव्हा कुठं आपल्या विजेची 50 हर्ट्झ वारंवारता मिळते, आणि आत पाचशे अंशाच्या आसपासची वाफ. ती ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, अन् आतला फिरणारा भाग, रोटर, गरम असताना तसाच उभा राहिला तर वाकतो, मग महिनोन्‌महिने संच बंद. म्हणून थंड होईपर्यंत त्याला मोटरीनं हळूहळू फिरवत ठेवतात. एका पावसाळ्यात रात्री सगळीच लाईन गेली, ती मोटरही बंद, तवा बाबा आणि तिघं जण या दांड्यानं थोड्या थोड्या वेळानं अर्धा अर्धा फेरा देत सकाळपर्यंत उभे होते. हाताचे फोड मी पाह्यलेत, तिसरीत होतो.

अन् आमचे काका आजही चारचौघात म्हणतात, "तुया बापानं काय केलं, बटनं दाबली." काहून म्हणता काका? तुमच्या विहिरीवरची मोटर कोणाच्या विजेवर चालत होती? कपाशीत वाकणं कष्ट आहे, मान्यच, पण बाबांचेही कष्टच होते.

म्हणून माझं म्हणणं, जायचं तर तिथं काम केलेलं रिटायर माणूस सोबत घ्या, नाहीतर तुम्हाला नुसता गंज दिसणार.

हो, आणि परवानगीशिवाय घुसू नका, ते प्रतिबंधित क्षेत्र असू शकते. जाळीचे प्लॅटफॉर्म सडलेले असतात, कोळशाच्या बंकरजवळ जायचंच नाही, आणि पायपांवरच्या पांढऱ्या लगद्याला हात लावू नका, जुन्या कामात फुफ्फुसाला घातक ॲस्बेस्टॉस असायचं. एक नटबोल्टही उचलून आणू नका. बाबांनी तो दांडा रुमालानं पुसला आणि होता तिथंच भिंतीला टेकवला.