वाचकांचे प्रश्न: कढई उतरवताना कामगार भाजला

प्रश्न: आमचा छोटा केटरिंगचा व्यवसाय आहे. एक आचारी, दोन मदतनीस आणि लग्नसराईत रोजंदारीवर येणारी चार-पाच मुले. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही. गेल्या आठवड्यात पुऱ्या तळून झाल्यावर कढई उतरवताना तेल सांडले आणि मदतनिसाचे दोन्ही हात व मांडी भाजली. घाबरून आम्ही रुग्णालयात ‘घरी भाजला’ असे सांगितले. दीड महिना काम जमणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. स्टॅम्पपेपरवर एकरकमी पैसे देऊन मिटवावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी ती नोंद दुरुस्त करा. डॉक्टरांना भेटून खरे ठिकाण, वेळ आणि कारण लेखी द्या. एमएलसी (रुग्णालयाने पोलिसांना कळवलेली नोंद) झाली असेल तर पोलिसांनाही तेच सांगा. आगीबाबतच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेत कलम २८७ आहे, त्यामुळे पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाशी बोललेले बरे. पण खोटी हकिगत तशीच ठेवणे जास्त महागात पडते. विमा असेल तर दावा तिथेच अडकतो, आणि जखम चिघळली तर लपवाछपवीचा संशय तुमच्यावर येतो.

स्टॅम्पपेपर विसरा. कामगाराचा हक्क सोडून देणारा खाजगी करार कायद्यापुढे टिकत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यातील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाचा. शिवाय तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. वेतन १२,००० रुपये असेल तर पंधरवड्याला ३,००० आणि ४५ दिवसांचे ९,०००. रुग्णालयाचे बिल या ९,००० मधून वळते करता येत नाही, म्हणून दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा आणि पैसे बँकेतूनच द्या. देय रक्कम महिन्याभरात दिली नाही तर व्याज लागते, आणि समर्थनीय कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

हाताची बोटे आखडली, मूठ वळेनाशी झाली, तर प्रकरण कायमच्या अंशतः अपंगत्वाचे होते. ती रक्कम डॉक्टरांनी ठरवलेल्या टक्केवारीवरून निघते आणि तिचा करार सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो. घाई नको, जखम भरून हाताची हालचाल किती राहते ते आधी कळू द्या.

प्रश्न: भाजल्यावर तिथल्या तिथे काय करायचे? आमच्याकडे हळद लावतात.

उत्तर: हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ, काहीही नको. नळाचे गार पाणी सलग २० मिनिटे सोडा. घड्याळ लावा, कारण पाचव्या मिनिटाला सगळ्यांचा धीर सुटतो. उशीर झाला असला तरी तीन तासांच्या आत पाण्याचा उपयोग होतो. अंगठी, कडे, घड्याळ सूज चढण्याआधी काढा. तेलाने भिजलेले कपडे काढा, पण कातडीला चिकटलेले ओढू नका. मग पॅकिंगची क्लिंग फिल्म जखमेवर पट्ट्यांनी सैल ठेवा. गुंडाळायची नाही, आणि चेहऱ्यावर तर अजिबात नाही. बाकीचे अंग पांघरुणाने उबदार ठेवा. १०८ ला फोन करा. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. त्याहून मोठी जखम, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, जननेंद्रिय भाजले असेल तर रुग्णालयच.

प्रश्न: गरम तेलाची कढई उतरवू नये म्हणतात, पण ती उतरवली नाही तर भट्टी मोकळी कशी होणार?

उत्तर: भट्टी मोकळी करायची घाईच तर हे अपघात घडवते. तळणीचे तेल १७० ते १९० अंशांवर असते आणि २० लिटरची कढई तासाभरातही हात लावण्याजोगी होत नाही. दोघांनी कान धरून उचलली की एकाचे पाऊल ओल्या फरशीवर सरकते, तेल एका बाजूला वाहते आणि वजनही तिकडेच जाते. तळणीची भट्टी वेगळी ठेवा आणि ती सगळ्यात शेवटी हलवा. भाड्याची एक जादा भट्टी दीड महिन्याच्या उपचारापेक्षा स्वस्तच पडते. कढई निम्मी भरा, फार तर दोन तृतीयांश. तिवई डगमगत असेल तर खाली विटेचा तुकडा लावू नका, तिवई बदला. झारा पुसून घाला: पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,७०० पट जागा लागते आणि तेल उसळते. तेलाने पेट घेतला तर पाणी नको. गॅस बंद करून लोखंडी झाकण सरकवा.

प्रश्न: वाढपी मुले मुकादमाकडून येतात. ती आमची जबाबदारी का?

उत्तर: हो. तुमच्या धंद्याचे काम तुमच्या देखरेखीखालच्या जागेत करताना इजा झाली तर कामगार तुमच्याकडे भरपाई मागू शकतो. ती तुम्ही नंतर मुकादमाकडून वसूल करा. एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी घेताना कंत्राटी मुले आणि वैद्यकीय खर्च हे दोन्ही जोडून घ्या, आणि हंगामातला माणसांचा खरा आकडा लिहा. कर्मचारी दहा किंवा जास्त झाले तर मात्र ईएसआय लागू होते आणि २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांचे हिशेब त्या मार्गाने चालतात.