वाचकांचे प्रश्न : रस्त्यासाठी कापलेला कडा

प्रश्न : व्हिया आप्पिया हा जुना रोमन रस्ता २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला, त्याबद्दल वाचताना इटलीतल्या तेराचिना गावाचं नाव दिसलं. तिथे म्हणे रस्त्यासाठी अख्खा कडा उभा कापलाय. एवढा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, मस्त प्रश्न विचारलात! आधी मोबाईलवर नकाशा उघडा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल. गाव रोम आणि नेपल्सच्या मधे, तिरेनियन समुद्राकाठी. रोमच्या बाजूला पोंटाइन दलदल होती, डोंगरातून उतरणारं पाणी किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या अडवायच्या मग ते तिथेच साचायचं, डास, मलेरिया, आणि ही दलदल नीट आटवली ती थेट १९३० च्या दशकात. दुसऱ्या बाजूला डोंगर पार समुद्राला भिडलेला. म्हणजे किनाऱ्याने दक्षिणेला जाणाऱ्याला या गावाशिवाय वाटच नाही, म्हणून तर व्होल्स्की या तिथल्या जुन्या जमातीचं हे गाव (तेव्हाचं नाव आन्क्सुर) रोमनांनी जिंकून इ.स.पू. ३२९ मध्ये तिथे वसाहत केली.

इ.स.पू. ३१२ मध्ये आप्पियस क्लॉडियस या रोमन अधिकाऱ्याने व्हिया आप्पिया हा रस्ता काढला, तो दलदलीतून सरळ यायचा आणि तेराचिनाला थेट डोंगर चढायचा. भरलेल्या गाड्यांचे काय हाल होत असतील विचार करा. शेवटी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट ट्राजनच्या काळात पिस्को मोंतानो हा कडा समुद्राच्या बाजूने तासला आणि रस्ता खालून नेला. सुमारे ३६ मीटर उंच! मला सगळ्यात भारी वाटतात ते कड्यावर कोरलेले रोमन आकडे, वरून खाली वाढत जातात आणि अगदी तळाशी १२०, म्हणजे १२० रोमन फूट. किती कापलं त्याचा हिशोब दगडातच लिहून ठेवलाय. शे-पन्नास वर्षं इकडेतिकडे धरली तर आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरले गेले तोच हा काळ.

वर डोंगरावर ज्युपिटर या रोमन देवाच्या देवळाचा कमानींचा चौथरा आहे, देऊळ गेलं पण फोटोत दिसतात त्या कमानी याच. जुन्या गावातला चौक तर चुकवूच नका, रोमन फोरमची फरसबंदी अजून तशीच आहे आणि ती ज्याने करून दिली त्या आउलुस एमिलियुसचं नाव मोठ्ठ्या अक्षरांत त्याच दगडांवर आहे, लोक रोज त्यावरून चालतात.