वाचकांचे प्रश्न : माटुंग्याची यूडीसीटी

प्रश्न : वडिलांच्या पदवीपत्रावर ‘मुंबई विद्यापीठ’ आहे, पुतणीच्या पदवीपत्रावर ‘रसायन तंत्रज्ञान संस्था’. दोघांचं शिक्षण माटुंग्यात एकाच आवारात झालं. संस्था एकच ना? नोकरीच्या अर्जात काय लिहायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : संस्था एकच, पदवी देणारं विद्यापीठ मात्र वेगळं. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, तीच यूडीसीटी. आधी तो रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या इमारतीत होता, १९४३ मध्ये माटुंग्याला आला. २००२ मध्ये विभागाची संस्था झाली (यूआयसीटी) आणि १२ सप्टेंबर २००८ रोजी तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. स्वतःच्या नावाने पदवी देण्याचा अधिकार याच दर्जामुळे आला. त्यामुळे आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, म्हणजेच रसायन तंत्रज्ञान संस्था) हे नाव केवळ नवी पाटी नाही.

अर्जात ‘विद्यापीठ’ या रकान्यात पदवीपत्रावर छापलेलंच नाव लिहा आणि ‘महाविद्यालय/विभाग’ या रकान्यात त्या काळचं संस्थेचं नाव. वडिलांच्या पदवीपुढे ‘आयसीटी’ लिहिलंत तर पडताळणीचं पत्र चुकीच्या दारात जाईल, कारण त्यांच्या पदवीची नोंद मुंबई विद्यापीठाकडे आहे.

प्रश्न : रसायनशास्त्राच्या संस्थेची सुरुवात कापडापासून का झाली?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मुंबईत गिरण्या होत्या म्हणून. केमिकल इंजिनिअरिंग आणि कापडरसायन हेच इथले पहिले दोन अभ्यासक्रम. विणताना सूत तुटू नये म्हणून ताण्याला (उभ्या धाग्यांना) कांजी लावतात. ती पुरती निघाली नाही तर रंग धाग्यात शिरत नाही आणि कापडावर डाग उठतात. कांजी काढून कॉस्टिक सोड्यात उकळताना मेण-तेल राहून गेलं तरी तोच प्रकार. पाणी जड (क्षारयुक्त) असेल तर साबणाचा चोथा कापडावर बसतो. तुमच्या गावातल्या प्रोसेस हाऊसना (कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यांना) हे सांगायला नकोच! ही कारणं जाणणारा रसायनतज्ज्ञ गिरण्यांना हवा होता. १९३८ मध्ये विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले के. वेंकटरामन स्वतः रंगद्रव्यांचे संशोधक. पुढे १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

प्रश्न : प्रयोगशाळेत जमलेली प्रक्रिया कारखान्यात का फसते? त्यात या संस्थेचं काम काय?
– एक विद्यार्थिनी, लोटे

उत्तर : आमच्या मते या संस्थेचं मोठेपण याच प्रश्नात आहे. एक लिटरचा फ्लास्क आणि त्याच घडणीचा हजार लिटरचा रिअ‍ॅक्टर (कारखान्यातलं अभिक्रियेचं भांडं) यांची तुलना करा. आकारमान १००० पट झालं, पण भिंतीचं क्षेत्रफळ फक्त १०० पट. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर काढायला पूर्वीच्या एक दशांश जागा उरली. नायट्रेशनसारखी (नायट्रिक आम्लाने होणारी) तापणारी अभिक्रिया असेल तर बर्फाच्या टबात शांत राहणारं मिश्रण इथे उसळतं. त्यात ढवळणं कमी पडलं तर आम्ल एका कोपऱ्यात साचतं आणि नंतर एकदम पेटून उठतं. म्हणून आम्ल हळूहळू सोडायचं, भांड्याभोवतीचं थंड पाण्याचं जॅकेट अपुरं पडलं तर आत थंड पाण्याची कॉइल (वेटोळी नळी) टाकायची, आणि तापमान वाढताच आम्लाचा पुरवठा आपोआप बंद होईल अशी सोय ठेवायची.

वायू द्रवात विरघळत अभिक्रिया करतो तेव्हा वेग कशावर ठरतो, हे मोजून काढण्याचं मोठं काम इथे एम. एम. शर्मा यांनी केलं. इथेच शिकून केंब्रिजला डॉक्टरेट केलेले शर्मा १९६४ मध्ये इथे प्राध्यापक झाले, पुढे संचालक. १९९० मध्ये ते ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. वेग बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर अडला असेल तर ढवळणं वाढवून उपयोग होतो, तो अभिक्रियेवरच अडला असेल तर नुसती वीज वाया जाते. हा फरक आधी शोधायला शिका. डॉ. रघुनाथ माशेलकरही इथलेच विद्यार्थी.

अलीकडचं उदाहरण उत्तराखंडमधल्या काशीपूरचं. शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढण्याची इथली पद्धत २०१६ मध्ये तिथे दिवसाला १० टन कच्च्या मालावर चालवून दाखवली गेली.

प्रश्न : आयसीटी जालन्यात आहे, हे खरं का?
– एक पालक, बीड

उत्तर : हो. मराठवाडा आवार २०१८ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी इंडियन ऑइलच्या साहाय्याने भुवनेश्वरचंही. अर्ज भरताना आवाराचं नाव आणि अभ्यासक्रमाची वर्षं नीट तपासा, कारण माटुंग्याचा चार वर्षांचा बी.टेक. आणि पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. हे वेगळे अभ्यासक्रम आहेत. जागांचं वाटप त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच बघा.