कोरोना घरात कोणी आणला?

(२०२१ मध्ये आलेलं पत्र आणि त्याला दिलेलं उत्तर)

‘मावशी, मी १७ वर्षांची, नाशिकला राहते. मार्चच्या शेवटी हट्ट करून मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले. आठवड्याने मला ताप आला, मग बाबांना, मग आजीला. आजी हॉस्पिटलमधून परत आलीच नाही. बाबांची अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली कंपनी तेव्हा चालू होती, पण ताप आधी मलाच आला. मला कोणी काही म्हणत नाही, आजीचा विषयही काढत नाही. रात्री आईबाबा झोपले की मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघते. बारावीला ८४ टक्के मिळाले, पण परीक्षाच झाली नाही, मग ते माझे कसे? १२ सप्टेंबरला ‘नीट’ (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) आहे आणि पुस्तक उघडवत नाही. कधी कधी वाटतं, झोपले की सकाळी उठूच नये. हे आईला कळू देऊ नका.’

मुली,

तुझ्या पत्रातलं शेवटचं आधी घेते. सकाळी उठूच नये असं वाटतं, हे आईला सांगायचं आहे, आणि आजच सांगायचं आहे. तोंडाने बोलवत नसेल तर मोबाइलवर हा मजकूर उघडून तिच्या हातात दे. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात आलं तर खोलीत एकटी थांबू नकोस, आईला झोपेतून उठव. घरात बोलणं जमतच नसेल तर १०९८ लाव. १८ वर्षांखालच्या मुलांसाठीचा हा फुकट नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

आता आजीचं. ताप तुला आधी आला म्हणून कोरोना तू आणलास, असा हिशेब तू मांडलास. तो हिशेब जुळत नाही, आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कुणाला २ दिवस लागतात, कुणाला १४. ज्याला आधी लागण झाली त्याला ताप नंतर येऊ शकतो. अंगात काही जाणवायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणसाकडून दुसऱ्याला लागण होते, आणि काहींना तर शेवटपर्यंत काही जाणवतच नाही. बाबा रोज कंपनीत जात होते. भाजी, किराणा कोणीतरी आणतच होतं. मार्चअखेरचं नाशिक आठव: बाजारातली गर्दी आवरेना म्हणून पोलिसांनी आत शिरायला तासाला ५ रुपयांची पावती सुरू केली होती. त्या दिवसांत तुमच्या घरी विषाणू कोणाबरोबर आला, हे तुमचे डॉक्टरसुद्धा सांगू शकणार नाहीत.

आणि समजा, तुझ्याकडूनच आला असेल तर? हा प्रश्न तू रोज रात्री स्वतःला विचारत असणार, म्हणून टाळत नाही. वर्षभर घरात कोंडून राहिलेली मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली. याचं वाईट वाटेल, कदाचित पुढे खूप वर्षं वाटेल. पण तू गुन्हा केलेला नाहीस.

घरातले गप्प आहेत, म्हणजे मनातून मला दोष देतात, असं तू धरून चाललीस. मला वेगळीच शंका येते. तुझे बाबाही कंपनीतल्या त्या दिवसांवरून हाच हिशेब स्वतःच्या नावावर मांडून बसले असतील. लोक दहाव्याला लांबून रामकुंडावर येतात, आणि त्याच गावात राहून तुम्हाला तेव्हा चार माणसं जमवून धड रडताही आलं नसेल. १० सप्टेंबरला गणपती आहेत. आजी गेली त्या वर्षी बसवायचा की नाही, हे बोलणं घरात निघेलच. तेव्हा उठून खोलीत जाऊ नकोस. आजी असती तर काय म्हणाली असती, एवढंच विचार. मग जो कोणी रडेल त्याच्याजवळ बसून राहा.

ऑक्सिमीटरचं वाचून माझ्या पोटात तुटलं. अंधारात आईचं बोट हळूच धरायचं, ऑक्सिजन ९७ दिसला की जीव भांड्यात पडतो, आणि तासाभराने पुन्हा उठायचं. बघितलं की भीती तेवढ्यापुरती जाते, म्हणूनच पुन्हा बघावंसं वाटतं, आणि अशाने ती वाढत जाते. आज तो आईकडे दे, कपाटात ठेवायला सांग, आणि का देतेस तेही सांग. पहिल्या काही रात्री जास्त कासावीस होशील. तेव्हा अंथरूण आईबाबांच्या खोलीत घाल. त्यांच्यापैकी कुणाचा लशीचा डोस राहिला असेल तर मात्र मागे लागून तो घ्यायला लाव.

८४ टक्के तुझेच आहेत. ३ ऑगस्टला राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला आणि लोक तुमच्या बॅचला वाटेल ते बोलायला लागले. त्या मार्कांत ३० टक्के वाटा दहावीचा, ३० अकरावीचा आणि ४० बारावीच्या वर्षभराच्या कामाचा आहे. दहावीची परीक्षा तू हॉलमध्ये बसूनच दिलीस ना? नीटचं म्हणशील तर ती पुढच्या वर्षीही देता येते.

आता तुझ्या आईसाठी. ताई, ‘असलं काही बोलू नकोस’ म्हणून विषय मिटवू नका. जीव द्यावा असं मनात येतं का, असं तिला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, तिला बोलायला वाट मिळते. घरात उरलेल्या गोळ्या तिच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. ती हो म्हणाली तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नाही म्हणाली तरी याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून विचारा. नीटची परीक्षा होऊन जाऊ दे, मग बघू, असं करू नका. आणि जाताना तिच्या बाबांनाही बरोबर घ्या, त्यांनाही डॉक्टरांशी बोलायचं असेल.